पिकअपला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल: कापायच्या आधी काय मोजायचं

माझं मूळ काम ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांचं. कुपवाड एमआयडीसीत शेड आहे. कारखाने सुरू झाले की पाटे, हौसिंग (अ‍ॅक्सलचं पोकळ कवच) आणि यू-बोल्ट यांच्यापलीकडे काही सुचत नाही. त्यातूनच जीपच्या हौसिंगची कामं येत गेली. आता शिराळ्याकडचे, पाटणकडचे लोक येतात आणि विचारतात, ‘पिकअपला पुढं जीपसारखा सॉलिड अ‍ॅक्सल बसवून द्याल का?’ म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्याला जोडलेली. कुणाची शेती डोंगरात असते, कुणाला ऑफरोड स्पर्धेचा नाद असतो. सगळ्यांना मी जे समजावून सांगतो, तेच इथं सविस्तर लिहितोय.

चांगलं वेल्डिंग करणारे सांगली-मिरजेत गल्लोगल्ली आहेत. पण गाडी सरळ चालणार की नाही, हे कोन ठरवतात. कॅस्टरचा कोन, पिनियनचा कोन आणि ड्रॅग लिंकचा कोन. प्रत्येकाचा अर्थ पुढे येईल. हे तीन जमले तर गाडी आयुष्यभर साथ देते. एक जरी चुकला तर कितीही देखणा वेल्ड असला तरी स्टेअरिंग हातात राहत नाही. म्हणून मोजमापावर मी जास्त लिहिणार आहे.

आधी ठरवा, खरंच लागतोय का

टाटा झेनॉनसारख्या पिकअपला पुढे दोन आर्म आणि टॉर्शन बार असतो. प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं. २०१० साली आलेल्या थारमध्ये दोन्ही प्रकार एकाच वेळी विकले जात होते: डीआय मॉडेलला पुढे पाटे, सीआरडीईला टॉर्शन बार. हायवेवर टॉर्शन बारवाली गाडी निःसंशय चांगली. पुणे-बेंगळूरु रस्त्यावर मालवाहतूक करणाऱ्याने या भानगडीत पडूच नये.

सॉलिड अ‍ॅक्सलचा फायदा हळू चालताना, दगडात आणि ओघळीत. तो तराजूच्या दांडीसारखा वागतो: एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, जमिनीला धरून राहतं. दुसरी गोष्ट, सॉलिड अ‍ॅक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, जमिनीपासून ठरावीक उंचीवरच राहतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल चासीला लटकलेलं असतं. गाडी दबली की तेही खाली येतं आणि नेमकं दगडावर बसतं. शिवाय चाक फिरवणाऱ्या शाफ्टवरच्या सीव्ही जॉइंटचे रबरी बूट. काट्याकुट्यात ते फाटतात, आत चिखल जातो आणि जॉइंट संपतो.

अमेरिकेत टोयोटाच्या फोर बाय फोर पिकअपला १९८५ मॉडेलपर्यंत पुढे पाट्यांवरचा सॉलिड अ‍ॅक्सल होता. १९८६ पासून टॉर्शन बार आला. दगडात गाड्या घालणाऱ्या लोकांनी मग जुन्या गाड्यांचे अ‍ॅक्सल काढून नव्या गाड्यांखाली घालायला सुरुवात केली. तिथं हे काम इतकं रुळलंय की तयार हँगर आणि ब्रॅकेटचे संच मिळतात. आपल्याकडे प्रत्येक ब्रॅकेट स्वतः कापून घडवावा लागतो.

कायदा

गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर इथंच थांबा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ आलं: बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. एमएच १० असो, एमएच ११ असो नाहीतर कराडची एमएच ५०, नियम एकच. अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न येतो. मी हे काम फक्त स्वतःच्या रानात फिरणाऱ्या किंवा ट्रेलरवर घालून स्पर्धेला नेल्या जाणाऱ्या गाड्यांचंच करतो. आणि सड्यांवर, पठारांवर गाडी घालू नका. त्या जांभ्यावरच्या बोटभर मातीत जे उगवतं ते चाकाखाली गेलं की परत येत नाही.

अ‍ॅक्सल निवडताना

जुन्या बाजारात महिंद्राच्या एमएम ५४० किंवा मेजर जीपच्या जातीचे हौसिंग सापडतात, जिप्सीचेही सापडतात. जिप्सीचा अ‍ॅक्सल हलक्या गाडीचा आहे, डिझेल पिकअपखाली मी तो घालत नाही. स्वस्त मिळाला म्हणून उचलू नका. आधी गोळा कुठल्या बाजूला आहे ते बघा. ट्रान्सफर केसमधून (इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीतून) पुढचा जॉइंट, म्हणजे गोळ्याकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, ज्या बाजूने निघतो, त्याच बाजूला अ‍ॅक्सलचा गोळा हवा. उलट असेल तर जॉइंट इंजिनखालून तिरका जाईल आणि इंजिनच्या ऑइल संपला (खालच्या तेलाच्या टाकीला) भिडेल. यावर तोडगा नाही, दुसरा अ‍ॅक्सल शोधा.

मग रेशो. मागचा आणि पुढचा क्राऊन-पिनियन (गोळ्यातली दातेरी चाकांची जोडी) एकाच रेशोचा हवा. झाकण उघडून दात मोजता आले तर उत्तम: क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. उघडायचं नसेल तर एक चाक जमिनीवर घट्ट ठेवा, दुसरं उचला, गिअर न्यूट्रल करा आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात जॉइंटने किती फेरे घेतले, तो तुमचा रेशो. सुटा अ‍ॅक्सल असेल तर एक हब पक्का बांधून हेच करा. मागे ४३-८ आणि पुढे ४१-८ असेल तर ५.३७ आणि ५.१२. कागदावर जवळजवळ सारखेच दिसतात. प्रत्यक्षात जवळपास पाच टक्क्यांचा फरक आहे. म्हणजे दर शंभर मीटरला पुढची आणि मागची चाकं पाच मीटरने भांडणार. चिखलात चाक घसरून हे भांडण मिटतं, कातळावर मिटत नाही. तिथं जॉइंटच्या टोकांचे क्रॉस (वळणारे सांधे) तुटतात किंवा ट्रान्सफर केस जातो.

चाकाचे बोल्ट मागच्याशी जुळतात का, पुढची रुंदी मागच्या चाकांच्या जवळपास येते का, हेही पाहा. रुंदी बरीच कमी पडत असेल तर उताराला आडवं जाताना गाडी डगमगते. हौसिंग वाकलेलं नाही ना, यासाठी ते टर्नरकडे नेऊन दोन्ही टोकं एका रेषेत आहेत का तपासा. जुन्या जीपने काय भोगलंय ते डोळ्यांना दिसत नाही. शेवटी ते संपूर्ण खोला: किंगपिनचे (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचे) बेअरिंग, सील, हबचे बेअरिंग सगळं नवं. गाडीखाली गेल्यावर हे काम तिप्पट त्रासाचं होतं.

ओळंबा, दोरी आणि खडू

या टप्प्यावर घाई करणारा माणूस मला कामाला चालत नाही. गाडी सपाट कोब्यावर उभी करा. चारही चाकांत सारखी हवा. नेहमी जेवढा माल असतो त्याच्या निम्मा मागे ठेवा. आता चासीवरच्या न कापल्या जाणाऱ्या भोकांतून ओळंबा सोडा आणि खाली कोब्यावर खडूने फुली मारा. मागच्या अ‍ॅक्सलचे दोन्ही मध्य, पुढच्या हबचे दोन्ही मध्य, चासीची पुढची दोन टोकं. या फुल्यांमध्ये दोरी धरून आडवी, उभी आणि कर्णातली मापं घ्या. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर चासी आधीच वाकडी आहे, आणि तिच्यावर नवीन काही जोडण्यात अर्थ नाही. आधी ती सरळ करून घ्या.

वहीत आणखी चार मापं उतरवा. जमिनीपासून चासीची उंची, चारही कोपऱ्यांत. ट्रान्सफर केसच्या तोंडाचा कोन, अंशात. ऑइल संपची जमिनीपासून उंची. आणि पुढच्या चाकांवर येणारं वजन. हे शेवटचं माप लोक घेतच नाहीत. साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर फक्त पुढची चाकं चढवा आणि पावती घ्या. त्यातून चाकं आणि जुन्या सस्पेन्शनच्या हलणाऱ्या भागांचं वजन अंदाजाने वजा करा, उरलं ते पाट्यांवर येणारं वजन. पाटेवाल्याला हा आकडा द्यायचा. ‘जीपचे पाटे दे’ असं सांगितलं तर तो जीपच्या इंजिनाचे देईल. पिकअपचं इंजिन जड असेल तर ते चपटे होतील, हलकं असेल तर गाडी दगडासारखी कडक बसेल.

शेडमधल्या पोरांना मी कोब्यावरच्या त्या फुल्या पुसू देत नाही, काम संपेपर्यंत शेडचा तो भाग झाडायचासुद्धा नाही.

काढणं आणि कापणं

बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा. इंजिनचा कंट्रोलर असेल तर त्याचे कनेक्टरही काढा, वेल्डिंगचा करंट त्याला मारतो. चासी भक्कम घोड्यांवर, पुढची चाकं लोंबती. टॉर्शन बारमध्ये प्रचंड ताण असतो. त्याचा अ‍ॅडजस्टिंग बोल्ट पूर्ण सैल झाल्याशिवाय आर्मचा एकही नट सोडू नका आणि त्या लिव्हरच्या खाली तोंड नेऊ नका. मग शाफ्ट, आर्म, डिफरन्शियल क्रमाने बाहेर.

ब्रॅकेट गॅस कटरने कापताना चासीला चिकटून कापू नका. पाचेक मिमी ठेवून कापा, उरलेलं ग्राइंडरने हळूहळू सपाट करा. चासीच्या पत्र्याला ग्राइंडरची खाच पडली की पुढे तिथूनच चीर जाते. मधली आडवी बीम कापण्याआधी थांबून विचार करा. ती चासीच्या दोन्ही लांब बीमना बांधून ठेवते, आणि बऱ्याच गाड्यांत इंजिनही तिच्यावरच बसलेलं असतं. इंजिनला वरून चेन-पुलीचा आधार द्या, नवीन आडवी बीम आधी जोडा, मगच जुनी पूर्ण काढा.

हँगर, शॅकल, पाटे

पाट्याचं एक टोक हँगरमध्ये पक्कं आणि दुसरं शॅकलवर झुलतं. शॅकल पुढे ठेवायचं की मागे? जुन्या जीपच्या पद्धतीने पुढे ठेवलं तर ते दगडाला आपटतं, आणि चाक आदळलं की अ‍ॅक्सल पुढे सरकतो, धक्का अंगावर येतो. शॅकल मागे ठेवलं की आदळल्यावर अ‍ॅक्सल मागे जातो, धक्का मऊ होतो. मी मागे ठेवतो. मात्र मग दबताना जॉइंट आत ढकलला जातो, त्याच्या स्प्लाइनला (आत-बाहेर सरकणाऱ्या खाचांच्या भागाला) तेवढी जागा ठेवावी लागते.

हँगरचा बोल्ट नुसता चासीच्या पत्र्यातून घालू नका. पेटी चासी असेल तर आरपार जाड सीमलेस नळी घालून ती दोन्ही बाजूंनी वेल्ड करा, म्हणजे नट आवळताना पेटी दबत नाही. हँगरखाली पत्र्याची पट्टी जोडताना तिची टोकं तिरपी कापा. चासीवर सरळ आडवा वेल्ड मारला की ताण त्या एकाच रेषेत जमतो आणि चासी तिथंच तुटते. रॉड ७०१८ आणि कोरडाच. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड ओल धरतो, तो वेल्ड वरून छान दिसतो आणि नंतर आतून चिरतो. रॉड गरम पेटीत ठेवायची सोय नसेल तर पावसाळा जाऊ द्या.

पाट्यांमध्ये एक आग्रह धरा: दुसरा पाटा मेन पाट्याच्या डोळ्याला वळसा घालणारा हवा. मेन पाटा तुटला तरी अ‍ॅक्सल जागेवर राहतो. यू-बोल्ट नेहमी नवेच. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट परत वापरू नये, मग तो कितीही चांगला दिसो.

कोन

पाट्याखालची बैठक हौसिंगवर फक्त टाचा, पूर्ण वेल्ड नको. चाकं लावा, घोडे काढा, इंजिन आणि सगळं वजन गाडीवर असू द्या, गाडी हलवून पाटे बसू द्या. आता मोजा.

कॅस्टर म्हणजे किंगपिनची रेषा वरच्या बाजूने मागे किती झुकलीय. चाकं सरळ ठेवून किंगपिनच्या वरच्या झाकणावर, जिथं मशीनची सपाट बाजू आहे तिथं, कोनमापक ठेवा. पाट्यांच्या अशा गाडीला मी चार ते सहा अंश ठेवतो. कमी पडला तर वळणातून स्टेअरिंग परत येत नाही आणि गाडी भरकटते. दोन्ही बाजूंत फरक आला तर ती एका बाजूला ओढते.

पिनियनचा कोन म्हणजे गोळ्याचं तोंड ट्रान्सफर केसकडे किती वर बघतंय. साधा जॉइंट, दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असेल तर दोन्ही क्रॉसचे कोन सारखे यायला हवेत, एका अंशाच्या आत. ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी क्रॉस असेल तर पिनियनने जवळजवळ सरळ जॉइंटच्या रेषेत बघायचं.

खरी अडचण इथं आहे. पुढच्या अ‍ॅक्सलचा गोळा मागच्या बाजूला तोंड करून असतो. पिनियन वर करायला हौसिंग फिरवलं की किंगपिनचा माथा पुढे झुकतो, म्हणजे कॅस्टर कमी होतो. गाडी उंच केलेली असेल तर हा झगडा आणखी वाढतो. पाट्याखाली पाचर घालून एक कोन सुधारला की दुसरा बिघडणारच. दोन्ही हवे असतील तर एकच मार्ग: हौसिंगच्या टोकाचा नकलचा (चाक धरून वळणाऱ्या भागाचा) गोळा ग्राइंडरने वेल्डवर कापून, नळीवर फिरवून, योग्य कोनात परत वेल्ड करायचा. हे काम जिगमध्ये किंवा लेथवर बांधूनच करून घ्या, कारण तिरका बसला तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बिघडतो आणि सॉलिड अ‍ॅक्सलला कॅम्बर नंतर जुळवता येत नाही. एवढं करायचं नसेल तर कॅस्टर धरा आणि पिनियनला तडजोड करू द्या. पुढचा जॉइंट फोर बाय फोर घातल्यावरच जोर घेतो, तेही कमी वेगात. थरथर चालेल. भरकटणारी गाडी चालणार नाही.

टाचे मारलेल्या स्थितीत सगळं जुळलं की मगच पूर्ण वेल्ड. तोही थोडा थोडा, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून. सलग ओढला की हौसिंग केळ्यासारखं नाही तरी नजरेला न दिसेल इतकं वाकतं आणि अ‍ॅक्सलचे सील गळायला लागतात.

स्टेअरिंग

रॅक असेल तर तो निघाला. त्या जागी स्टेअरिंग बॉक्स हवा. तो चासीला जिथं बसेल तिथं आत-बाहेर पट्ट्या आणि आरपार नळ्या घालून चासी भक्कम करा. अडकलेल्या चाकाचा सगळा झटका त्याच तीन-चार बोल्टांवर येतो.

ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी, जितकी लांब आणि जितकी आडवी ठेवता येईल तितकी चांगली. गाडी वर-खाली होताना लिंक एका कमानीत फिरते आणि अ‍ॅक्सल दुसऱ्या. लिंक तिरकी असेल तर खड्ड्यात चाक गेलं की स्टेअरिंग आपोआप वळतं. ते टाळायचं तर ड्रॉप आर्मची (स्टेअरिंग बॉक्सला लटकलेल्या दांडीची) लांबी आणि नकलवरच्या आर्मची उंची अशी निवडा की गाडी उभी असताना लिंक कोब्याला जवळपास समांतर राहील.

ड्रॉप आर्म, नकलचा आर्म, टाय रॉड एंड या घडीव वस्तूंना वेल्डिंगचा स्पर्शही नको. कापून वाढवलेला ड्रॉप आर्म घेऊन माझ्याकडे कुणी आलं तर मी गाडी शेडमधून बाहेर जाऊ देत नाही. लांबी हवी तर दुसऱ्या गाडीचा योग्य लांबीचा आर्म शोधा. टाय रॉड जाड सीमलेस नळीचा, एका टोकाला उलटे आटे, म्हणजे टो-इन (चाकांची पुढची बाजू किती आत वळलीय ते) जुळवता येतो. दोन-तीन मिमी टो-इन पुरतो. प्रत्येक खाचेच्या नटात नवीन कॉटर पिन.

जमिनीवर येण्याआधी

पाट्यांमधले बाकीचे पाटे काढून फक्त मेन पाट्यावर अ‍ॅक्सल जॅकने पूर्ण वर दाबून बघा. ऑइल संप, टाय रॉड, चासी, कशाला काय भिडतं ते दिसेल. बम्प स्टॉप (वर येण्याची हद्द ठरवणारा रबर) असा बसवा की गोळा आणि संप यांत पूर्ण दबल्यावरही इंचभर जागा राहील. नंतर अ‍ॅक्सल पूर्ण लोंबवून जॉइंटचा स्प्लाइन किती बाहेर येतो ते पाहा. निसटण्याच्या जवळ येत असेल तर जॉइंट लांब करून घ्या, आणि बॅलन्सिंग मशीन असलेल्या दुकानातूनच. दोन्ही स्थितींत स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. अ‍ॅक्सलमधला क्रॉस अडायच्या आत स्टॉप बोल्ट टेकला पाहिजे.

ब्रेकच्या रबरी नळ्या लांब लागतील. लोंबत्या अ‍ॅक्सलला, स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असताना, त्या ताणल्या जात नाहीत ना ते बघा. पुढे डिस्कच्या जागी ड्रम आले असतील तर मास्टर सिलिंडर त्याला जुळणारा घ्या. शॉक अ‍ॅब्सॉर्बर सगळ्यांत शेवटी, मोजलेल्या हालचालीपेक्षा दोन्हीकडे थोडी लांबी राखून.

पहिली फेरी मोकळ्या रानात, माल न भरता, पहिल्या गिअरमध्ये. परत आलात की यू-बोल्ट कर्णाच्या क्रमाने पुन्हा आवळा. नवीन पाटे बसतात तसे ते सैल पडतातच. पन्नास किलोमीटरनंतर परत, आणि पहिल्यांदा पूर्ण माल भरून डोंगर उतरल्यावर पुन्हा एकदा. त्याच वेळी हबचं बेअरिंग हाताने हलवून बघा, किंगपिनला ग्रीस द्या आणि हँगरच्या वेल्डवरून चुना-पाण्याचा हात फिरवा. वाळल्यावर बारीक चीर असेल तर ती पांढऱ्यावर काळी उठून दिसते.